पावण्यातला बंद केमिकल प्लॉट घेण्यापूर्वी: माती तपासायचं बोअर कुठे मारायचं, ते आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नवी मुंबईतल्या पावणे एमआयडीसीतला सुमारे चार हजार चौरस मीटरचा प्लॉट घ्यायचा आहे. तिथे पूर्वी डाय इंटरमीडिएट्सचा, म्हणजे रंग बनवायला लागणाऱ्या मधल्या रसायनांचा, कारखाना होता, तो बंद पडून नऊ वर्षं झाली. शेड आणि टाक्या अजून उभ्या आहेत. तुम्हा दोघा भावांना तिथे मसाले आणि तयार पिठांचं पॅकिंग युनिट काढायचं आहे, खाली एक बेसमेंट धरून. विकणारे म्हणतात की सॉइल टेस्ट झालेली आहे, प्रदूषण नियंत्रण मंडळाचं कन्सेंट, म्हणजे संमतीपत्र, शेवटपर्यंत होतं, आणि काही सांडलंच असेल तर इतक्या पावसाळ्यांत धुऊन गेलं असेल. टोकन द्यावं का?

इतक्यात देऊ नका. प्लॉट वाईटच असेल असं मी म्हणत नाही. ठाणे-बेलापूर पट्ट्यात जुन्या केमिकल कारखान्याखालची जमीन चांगली निघालेलीही मी पाहिली आहे. पण आज तुमच्या हातात असलेल्या एकाही कागदावरून ते कळत नाही.

सॉइल टेस्टचा रिपोर्ट उघडून पाहा. त्यात जमिनीची भारक्षमता असेल, जमीन किती घट्ट आहे ते सांगणारे एसपीटीचे आकडे असतील, खडक किती खोल लागला ते असेल. शेवटी केमिकल टेस्टचा एक तक्ता असेल आणि त्यात सामू, सल्फेट, क्लोराइड एवढंच. हा तक्ता पायाचं काँक्रीट आणि सळई टिकेल का हे पाहण्यासाठी असतो. नायट्रोबेंझीन, अ‍ॅनिलिन, क्लोरोबेंझीन, क्रोमियम, पारा यांतलं काहीही त्यात तपासलेलं नसतं. आर्किटेक्टला हवी असलेली सॉइल टेस्ट वेगळी आणि जमिनीत रसायनं मुरली आहेत का याचा तपास वेगळा. बाजारात दोन्हींना सॉइल टेस्टच म्हणतात, त्यामुळे विकणारे खोटं बोलत असतील असंही नाही.

आता पावसाचं. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे १९८०च्या दशकाच्या अखेरीस एच-अ‍ॅसिड बनवणारे कारखाने थोडाच काळ चालले. एच-अ‍ॅसिड हे डाय इंटरमीडिएटच, म्हणजे तुमच्या प्लॉटच्याच कुळातलं. उत्पादन काही शे टनांचं होतं, पण त्यातून निघालेला सुमारे २,४०० टन गाळ उघड्यावर पडून राहिला. पावसाने तो धुतला खरा, पण धुऊन नेला तो विहिरींत. गावातल्या विहिरींचं पाणी रंगीत झालं, पिण्याच्याच काय, शेतीच्याही कामाचं उरलं नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई द्यायची असा निकाल दिला आणि ३७ कोटींहून अधिक रकमेचा वाद २०११ पर्यंत न्यायालयात चालू राहिला. कारखाने थोडाच काळ चालले आणि निस्तरायला दोन दशकं पुरली नाहीत. आपल्याकडे तर पाऊस अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. पाण्यात विरघळणारी रसायनं त्याबरोबर खाली भूजलात जातात, जड धातू वरच्या चिकणमातीला धरून बसतात, आणि क्लोरिनयुक्त सॉल्व्हंट किंवा नायट्रोबेंझीनसारखे पाण्याहून जड द्रव मुरमातून उतरत बसाल्टच्या भेगांत जाऊन थांबतात. नऊ वर्षांत माल नाहीसा होत नाही, त्याची जागा तेवढी बदलते.

कन्सेंट म्हणजे जमीन स्वच्छ असल्याचा दाखला नव्हे, पण तपासासाठी त्याच्याइतका उपयोगी कागद दुसरा नाही. विकणाऱ्यांकडून शेवटचं नव्हे, सुरुवातीपासूनची सगळी कन्सेंट मागा. प्रत्येकात उत्पादनांची यादी असते, पाणी किती आणि ते कुठे सोडायचं ते असतं, आणि घातक कचऱ्याचे कोड असतात. २६.१ दिसला तर रंगद्रव्यांच्या प्रक्रियेतला गाळ, २०.३ म्हणजे डिस्टिलेशनचा अवशेष, ३५.३ म्हणजे ईटीपीचा, सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राचा, गाळ, ५.१ म्हणजे वापरलेलं तेल. लॅबला नेमकं काय शोधायला सांगायचं याची निम्मी यादी इथेच तयार होते. मग फॉर्म ४ मधली घातक कचऱ्याची वार्षिक विवरणपत्रं आणि फॉर्म १० मधले मॅनिफेस्ट, म्हणजे कचरा बाहेर नेल्याच्या पावत्या, मागा. उत्पादनाच्या मानाने गाळ किती निघायला हवा होता आणि तळोजा किंवा महाप्याच्या घातक कचऱ्याच्या सामायिक केंद्राला प्रत्यक्षात किती गेला, हा हिशेब कोणताही केमिकल इंजिनिअर एका बैठकीत मांडून देईल. आकडे जुळत नसतील तर उरलेला माल कुठे गेला हा तुमचा पहिला प्रश्न. घातक कचऱ्याचे देशातले पहिले नियम १९८९ चे. एमआयडीसीची स्थापना १९६२ ची आणि या पट्ट्यातले बरेच कारखाने साठ-सत्तरच्या दशकांतले. मधल्या वर्षांत गाळ मागच्या कुंपणाजवळ खड्ड्यात पुरणं किंवा भरावात मिसळणं याला फारसं कोणी अडवत नव्हतं. कारखाना १९८९ पूर्वीचा असेल तर ही शक्यता धरूनच चाला.

आता माझं मुख्य म्हणणं. एवढ्या कामात निष्कर्ष ठरतो तो बोअर कुठे मारलं यावरून. लॅब कितीही चांगली असो, तिला जी माती मिळाली तिचाच रिपोर्ट ती देणार. मी असे रिपोर्ट पाहिले आहेत ज्यांत प्लॉटच्या चार कोपऱ्यांत आणि मध्ये एक अशी पाच बोअर मारली, पाचही नमुने एकत्र केले, आणि सगळ्या रकान्यांत बीडीएल, म्हणजे शोधमर्यादेच्या खाली, असं लिहून आलं. तो रिपोर्ट खोटा नव्हता, पण गळती होती ईटीपीच्या कलेक्शन पिटखाली आणि तिथून सगळ्यात जवळचं बोअर तीस मीटरवर. अशा रिपोर्टवर बँकही समाधानी होते, घेणाराही, आणि खरी गोष्ट पायाच्या खोदाईत जेसीबीच्या दातांना लागते.

म्हणून बोअरची जागा प्लॉटच्या इतिहासावरून ठरवायची. फॅक्टरीचे मंजूर नकाशे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, म्हणजे सगळे ज्याला डिश म्हणतात तिथे, असतात. जमिनीखाली सॉल्व्हंट किंवा इंधनाच्या टाक्या असतील तर पेसोच्या, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटकांचे परवाने देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या, परवान्याबरोबर त्यांचा नकाशा जोडलेला असतो. विकणाऱ्यांकडे प्रती नसतील तर त्यांना अर्ज करायला लावा, किंवा माहितीच्या अधिकारात तुम्ही मागा. गूगल अर्थवर जुनी उपग्रह चित्रं वर्षानुवर्षं मागे नेऊन पाहता येतात. पिंपांचे ढीग कुठे असायचे, कोणत्या वर्षी मागचा कोपरा एकाएकी सपाट झाला, हे त्यात स्पष्ट दिसतं.

आणि माणसं शोधा. जुने ऑपरेटर, ईटीपी सांभाळणारा, रात्रपाळीचा वॉचमन, पिंपं उचलणारा ठेकेदार. हे लोक दिघा, रबाळे, कोपरखैरणे, तुर्भे याच भागात राहतात आणि चहा घेत नीट विचारलं तर मोकळेपणाने बोलतात. त्यांना "प्रदूषण होतं का" असं विचारू नका, कोणीही नाहीच म्हणेल. पाऊस जोरात आला की पाणी कुठे तुंबायचं, टँकर कुठे रिकामा व्हायचा, कोणत्या जागी गवत उगवत नसे, कोणती टाकी बदलावी लागली आणि का, असं विचारा. एका जुन्या फिटरने दोन प्लँटमधली जमिनीखालची ड्रेन लाइन कुठे खचली होती ते पावलं मोजून दाखवलं होतं. नकाशावर ती लाइन नव्हतीच. बोअर तिथेच मारलं आणि सगळ्यात वाईट नमुना तिथूनच निघाला.

तुमच्या प्लॉटवर मी ज्या जागा सोडणार नाही त्या या: ईटीपीचा कलेक्शन पिट आणि त्याकडे येणाऱ्या ड्रेनचे सांधे, सॉल्व्हंट टाक्या आणि विशेषतः टँकर जोडण्याची जागा, कारण सांडतं ते टाकीपेक्षा होस पाइपच्या तोंडाशी जास्त. पिंपांचं यार्ड. बॉयलरची फर्नेस ऑइलची टाकी. ट्रान्सफॉर्मर जुना असेल तर त्याच्या तेलात पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं, म्हणून त्याचा चौथरा. मागच्या भिंतीलगतची, नाल्याकडची पट्टी. शिवाय मोकळ्या दिसणाऱ्या भागात जाळी पाडून थोडी बोअर, कारण इतिहासातून सगळं कळतंच असं नाही. चार हजार चौरस मीटरला अशी दहा-बारा बोअर आणि भूजलासाठी किमान तीन-चार पिझोमीटर, म्हणजे पाण्याची पातळी आणि नमुना घेण्याच्या नळ्या, लागतील. तीनपेक्षा कमी पिझोमीटर घालण्यात अर्थ नाही, पाणी कोणत्या दिशेला वाहतं हे त्रिकोणाशिवाय काढता येत नाही. या पट्ट्यात पूर्वेला पारसिकचा डोंगर आणि पश्चिमेला खाडी, म्हणून पाणी ढोबळमानाने डोंगराकडून खाडीकडे जातं. तुमच्या डोंगराकडच्या शेजाऱ्याचं सांडलेलंही तुमच्या खाली आलेलं असू शकतं. एक पिझोमीटर पूर्वेच्या कुंपणालगत हवाच. पुढे कोणाचं काय हा वाद झाला तर तोच तुमच्या बाजूने बोलेल.

बोअर चालू असताना तिथे जाणकार माणूस उभा हवा, नुसता रिगवाला नको. वरचा अर्धा-पाऊण मीटर बहुधा भराव निघतो, विटांचे तुकडे, डांबर, कुठे ग्लास वूल. त्याखाली पिवळा मुरूम. स्प्लिट स्पून, म्हणजे माती काढणारी दुभंगणारी नळी, उघडला की ग्लोव्ह घालून मुरमाचं ढेकूळ फोडायचं. कुजलेल्या बसाल्टला जुने सांधे असतात आणि रसायन त्या सांध्यांतूनच खाली जातं. बाहेरून स्वच्छ पिवळं दिसणारं ढेकूळ सांध्यावर दुभंगलं की आतल्या दोन्ही पृष्ठांवर जांभळट-तपकिरी पातळ थर दिसतो आणि बोटभर बाजूला मुरूम पुन्हा पिवळाच. नमुना त्या सांध्यावरचा घेतला की बाजूचा, यावर आकडा शेकडो पटींनी बदलू शकतो. बोअर कुठे थांबवायचं तेही इथेच ठरतं: रंग आणि रसायनांची वाफ ओळखणाऱ्या पीआयडी मीटरचं रीडिंग संपून निदान मीटरभर स्वच्छ मुरूम लागेपर्यंत किंवा खडकापर्यंत. एच-अ‍ॅसिडची सुरुवात नॅफ्थलीनपासून होते, त्यामुळे डांबरगोळीचा वास आला तर नोंद करा. पण मुद्दाम नाक लावून हुंगू नका. ते काम मीटरचं आहे, आणि त्यालाही जड धातू किंवा पीसीबी कळत नाहीत.

नमुना हाताळण्यात सगळ्यात जास्त माती खाल्ली जाते. बाष्पशील रसायनांसाठीची माती तत्काळ, न मिसळता, मिथेनॉल घातलेल्या छोट्या बाटलीत जायला हवी, चार अंशांच्या आसपास थंड राहायला हवी आणि चौदा दिवसांच्या आत तपासली जायला हवी. प्रत्यक्षात काय होतं? पॉलिथिनच्या पिशवीत दोन किलो माती भरतात, पिशव्या दुपारभर टेम्पोत उन्हात पडून असतात, लॅबमध्ये ती माती वाळवून चाळतात आणि मग सॉल्व्हंट शोधतात. सॉल्व्हंट केव्हाच उडून गेलेलं असतं. बीडीएल. ही चूक केलेला रिपोर्ट अजिबात रिपोर्ट नसण्यापेक्षा घातक आहे, कारण तो खोटा धीर देतो. म्हणून लॅबला आधीच तीन गोष्टी विचारा: हे पॅरामीटर तुमच्या एनएबीएल स्कोपमध्ये, म्हणजे लॅबला मान्यता असलेल्या तपासण्यांत, आहेत का, तुमची शोधमर्यादा तुलनेच्या मर्यादेपेक्षा खाली आहे का, आणि बाटल्या तुम्ही पाठवणार की आम्ही आणायच्या. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावरून लॅब कळते.

आकडे आल्यावर घाबरायची घाई नको, आणि इथे आपल्या खडकाची ओळख कामाला येते. दख्खनच्या बसाल्टमध्ये तांबं, व्हॅनेडियम, क्रोमियम, निकेल मुळातच जास्त असतं. तांबं किलोला शे-दोनशे मिलिग्रॅम आणि व्हॅनेडियम तीनशेच्या पुढे, हे आपल्याकडे डोंगरातल्या मातीतही सापडतं. कॅनडाची निवासी जमिनीसाठीची तांब्याची मर्यादा ६३ आहे, नेदरलँड्सची हस्तक्षेपाची मर्यादा १९०. परदेशी तक्ता समोर ठेवून लाल शाई फिरवली तर पारसिकचा अख्खा डोंगर दूषित ठरेल. म्हणून प्लॉटबाहेरचे, कधी कारखाना नसलेल्या जागेतले दोन-तीन नमुने तुलनेसाठी घ्यावेच लागतात. एकूण क्रोमियम जास्त दिसलं तर षट्संयुजी क्रोमियम वेगळं तपासा, विषारी ते आहे. उलट क्लोरोबेंझीन किंवा नायट्रोबेंझीन कोणत्याही खडकात नसतं. ते सापडलं तर ते कोणीतरी आणून सांडलेलं आहे, तिथे नैसर्गिक म्हणायला जागा नाही.

आता तुमच्या बेसमेंटबद्दल, कारण पैसा खरा तिथे जाईल. समजा दोन हजार चौरस मीटरचं बेसमेंट चार मीटर खोल खणलं. आठ हजार घनमीटर माती, म्हणजे साधारण चौदा हजार टन. त्यातला दहावा हिस्सा जरी घातक निघाला तरी चौदाशे टन माल मॅनिफेस्ट करून सामायिक केंद्राला न्यावा लागेल, टनावारी पैसे भरून. तो नेहमीच्या डंपरवाल्याला देता येणार नाही. त्याने तो कुठल्या खाणीत किंवा खाडीकाठी टाकला तर कागदोपत्री कचरा तुमचा. दुसरं, खणताना पाणी लागणार आणि ते उपसावं लागणार. उपशाने भूजलाचा उतार तुमच्या खड्ड्याकडे वळतो आणि शेजारच्या प्लॉटखालचंही दूषित पाणी खेचलं जातं. ते नाल्यात सोडता येत नाही. तिसरं, जमिनीत सॉल्व्हंट असेल तर त्याची वाफ भेगांतून बंद बेसमेंटमध्ये येते, आणि तुम्ही तिथे मसाल्याची पोती ठेवणार आहात. मसाला वास धरतो हे तुम्हाला मी सांगायला नको. माझा सल्ला विचाराल तर तपासात काहीही लक्षणीय निघालं तर पहिला बदल डिझाइनमध्ये करा: बेसमेंट रद्द, गोदाम तळमजल्यावर, मजला उंचावून खाली वाफ अडवणारं मेम्ब्रेन, आणि जिथे माती खराब आहे तिथे पक्कं पार्किंग. बोअरवेल तर कोणत्याही परिस्थितीत घेऊ नका, एमआयडीसीचं बारवीचं पाणी आहेच. एवढ्यावर बरेच व्यवहार सुखरूप होतात. माती उपसून नेणं किंवा जागेवरच रसायन सोडून ऑक्सिडेशन करणं हे उपाय आहेत, पण ते गळतीच्या मुळाशी, छोट्या जागेत वापरायचे.

ठाण्यात कोलशेत, बाळकूम भागात जुन्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, तिथे हे गणित आणखी कडक होतं. मुलं मातीत खेळतात म्हणून तुलना निवासी मर्यादांशी करावी लागते. तुमचं औद्योगिक आहे, पण खाद्यपदार्थांचं आहे, त्यामुळे वाफ आणि पाणी या दोन बाबतींत मी निवासीच निकष लावेन.

कायद्याचं वकिलांकडून घ्या, मी तपासाच्या बाजूने सांगतो. एमआयडीसीत तुम्ही मालकी घेत नाही, ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याचा उरलेला काळ घेता, आणि त्याबरोबर प्लॉटवरच्या जबाबदाऱ्याही. जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम आणले. संशयित जागा कळली की प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्वद दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या नव्वद दिवसांत सविस्तर तपास करायचा, जबाबदार कोण ते ठरवायचं आणि खर्च त्याच्याकडून घ्यायचा, अशी त्यांची दिशा आहे. त्या दिवशी तुमच्याकडे खरेदीपूर्वीचा, तारखेचा, फोटोंसह बोअरचा रिपोर्ट असला तर आधीचं आणि तुमचं वेगळं करता येतं. नसला तर प्लॉटवर बसलेले तुम्हीच. म्हणून करारात "जसं आहे तसं" हे कलम मान्य करू नका. तपासाचा रिपोर्ट समाधानकारक आला तरच व्यवहार पुढे, जुन्या प्रदूषणाची जबाबदारी विकणाऱ्याची, आणि किमतीतला ठरावीक हिस्सा भूजलाच्या तपासाची दुसरी फेरी होईपर्यंत एस्क्रोमध्ये, म्हणजे तिसऱ्याच्या ताब्यात, हे तीन मुद्दे लिहून घ्या. विकणारे तपासालाच तयार नसतील तर मी हा प्लॉट सोडून देईन.

वेळेचं म्हणाल तर कागद आणि माणसांचं काम तीन-चार आठवडे, बोअर आणि लॅब मिळून आणखी सहा ते आठ. स्टँप ड्यूटीत जे जाणार त्याच्या तुलनेत खर्च किरकोळ आहे. बोअर पावसाआधी उरका. भूजल मात्र दोनदा मोजा, एकदा मे महिन्यात आणि एकदा पावसाळा सरताना. उन्हाळ्यात कोरड्या मुरमात अडकलेलं रसायन पाणी वर चढलं की त्यात उतरतं, त्यामुळे मेमधला स्वच्छ नमुना सप्टेंबरमध्ये स्वच्छ राहीलच असं नाही.

एक काम मात्र आजच करा. विकणारे शेड आणि टाक्या भंगारात काढून प्लॉट मोकळा करून द्यायला तयार आहेत असं तुम्ही लिहिलं आहे, आणि तुम्हाला ते सोयीचं वाटतंय. त्यांना थांबवा. भंगारवाला गॅस कटरने पाइप कापतो आणि आत उरलेलं जमिनीवर ओततो, जुन्या टाक्यांत आग आणि विषारी वायूचा धोका असतो तो वेगळाच. नंतर जेसीबी फिरवून वर मुरूम पसरला की ड्रेन कुठून जात होती, टाकी कुठे होती, डाग कुठे होते, काहीच उरत नाही. फोटो आणि मोजमापं होऊन बोअरच्या जागांवर रंगाने खुणा होईपर्यंत एक पत्राही हलू देऊ नका.